पाइपाला बांधलेली हिरवी वायर

भंगारवाल्याने काट्यावर ठेवलेला पाइप मी परत उचलून घेतला. तो म्हणाला, "काय काका, भाव पटत नाय काय?" मी पाइप उलटा करून बघितला.

हातभर लांबीचे आठ-दहा तुकडे होते. जुने, लोखंडी, आतून गंज चढून करंगळीएवढं भोक राहिलेले. त्यातल्या एकावर पत्र्याची पट्टी आवळलेली होती आणि पट्टीतून बोटभर हिरवी वायर बाहेर आलेली. करवतीने सरळ कापलेली. ती पट्टी मीच सांगून बांधून घेतली होती. तो पाइप काढायलाही मीच सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या, आणि त्या माणसाला एक करताना दुसरी आठवली नाही. आता पाइप माझ्या हातात होता आणि वायरीचं दुसरं टोक डोंबिवलीत कोपरला, परक्या माणसांच्या बाथरूमच्या भिंतीत, फरशीच्या मागे.

बाकीचे तुकडे त्याला दिले. तो एक पिशवीत घालून घरी आणला.

मी चौथी शिकलेला माणूस. ठाण्यात कोलशेतला एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो. कारखाना गेला, तिथे आता टॉवर आहेत. माझा हात मात्र गेला नाही. घरी बसून पेपर वाचणं आपल्याला जमत नाही, म्हणून मी हा धंदा धरला. डोंबिवलीत पश्चिमेला, कोपरच्या बाजूला जुन्या बिल्डिंगीत एखादी पडीक खोली घ्यायची, दोन-तीन महिने राबून ती नवी करायची आणि विकायची. दोन विकल्या होत्या. ही तिसरी. दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, ओल चढलेला, ओट्याखाली झुरळांचं राज्य. माझ्या हातून निघाला तेव्हा शेजारीपाजारी बघायला यायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

वायरिंगच्या वेळी वायरमनशी माझी खडाजंगी झाली होती. तो तिथलाच, गाववाला. तिशीचा असेल. म्हणाला, "काका, या आख्ख्या बिल्डिंगला अर्थिंग नाय. मीटरपासून नवी वायर ओढू, खाली खड्डा मारू, मीठ-कोळसा घालू. एक दिवसाचं काम हाय."

मी म्हटलं, "पायपाला बांध."

"पायपाला?"

"आमच्या चाळीत बत्तीस खोल्या होत्या. सगळ्यांची वायर पायपाला होती. एक माणूस मेला नाही."

"काका, तवा गिझर कोणाकडं व्हता?"

"तू मला शिकवू नको. तू रांगत होतास तेव्हापासून मी पाना फिरवतोय."

तो हसला. "बांधतो. तुमचं घर, तुमचा पायप."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिझरसारख्या वस्तूत कधी आतून करंट उतरला, तर तो माणसाच्या अंगातून न जाता वायरीने सरळ जमिनीत जावा, यासाठी अर्थिंग असतं. जुने लोक ती वायर पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधायचे, कारण पाइप शेवटी जमिनीतच जातो. मीही तेच केलं. मग तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की नळाला पहिल्यांदा लाल पाणी येतं. गिऱ्हाईक घर बघायला आलं की आधी नळ सोडून बघतं. मी प्लंबरला बोलावलं आणि म्हटलं, "सगळं लोखंड काढ, प्लास्टिक टाक." त्याने काढलं. वायर आडवी आली, तीही कापली. त्याला कोणी सांगितलं होतं तिचं काय करायचं? त्यावर सिमेंट, सिमेंटवर फरशी. फरशीची ओळ मी स्वतः सुतात लावली. आणि प्लास्टिक काही करंट वाहून नेत नाही.

घर ज्यांनी घेतलं त्यांच्यात एक तरुण मुलगा, त्याची बायको, सहा महिन्यांचं बाळ आणि मुलाची म्हातारी आई. चावी देताना त्या मुलाने विचारलं होतं, "काका, पुढे काही प्रॉब्लेम नाही ना येणार?" मी बाथरूमच्या भिंतीवर मुठीने ठोकून दाखवलं होतं. "चाळीस वर्षं हात लावावा लागणार नाही."

त्या गोष्टीला महिना होऊन गेला होता.

भंगारवाल्याकडून घरी येऊन मी त्या मुलाला फोन लावला. "बोला काका!" म्हणाला. "आई रोज तुमचं नाव काढते. म्हणते, असं बाथरूम आपल्या गावात सरपंचाकडे पण नाही."

मी जे बोलायचं ठरवलं होतं ते तिथेच अडकलं. म्हटलं, "गिझर दोन दिवस लावू नका. कंपनीचा माणूस चेक करायला येणार आहे."

"का, काही झालंय का?"

"नाही नाही. असंच. सर्व्हिस."

"बरं काका," म्हणाला. त्या 'बरं'मध्ये काही जोर नव्हता. बायकोने भाजी आणायला सांगितल्यावर आपण जसं म्हणतो, तसं.

पुढचे दोन दिवस मी घरात होतो, पण नव्हतो. सोमवारी वायरमनला घेऊन जायचं, कंपनीचा माणूस म्हणून त्यालाच उभा करायचा, गुपचूप दुरुस्त करायचं, असा बेत होता. नाव राहील आणि कामही होईल. पण रविवारी सकाळी आंघोळीला गेलो आणि आमच्या बाथरूममधला गिझरचा लाल दिवा बघून मागे फिरलो. टेस्टर आणून नळाला लावला. आमच्याकडे सगळं ठीक आहे, मलाच माहीत. तरी थंड पाणी घेतलं.

कारखान्यात एकदा एक माणूस चालू मशीनला चिकटलेला मी बघितलाय. लोकांना वाटतं माणूस ओरडेल. ओरडत नाही. आवाजच निघत नाही. तो आमच्याकडे बघत होता आणि आम्हाला वाटलं, कामात आहे. लाकडी फळी मारून सोडवला म्हणून वाचला. त्याचं ते बघणं मला दोन दिवस सारखं दिसत होतं, आणि चेहरा मात्र त्याचा नव्हता.

"अहो, थंड पाण्याने कशाला आंघोळ करताय?" ही म्हणाली. "खोकलात तर रात्रभर मलाच ऐकायचंय." मग गॅलरीतली पिशवी उचलून आत आली. "आणि हे भंगार परत का आणलंत?"

तिला सांगितलं. ती पिशवी हातात धरून खाली बसली.

"त्या घरात तान्हं मूल आहे."

"माहितेय."

"मग इथे काय करताय?"

"लावू नका म्हणून सांगितलंय त्यांना."

"काय म्हणून सांगितलंत? बिघडलाय म्हणून?"

"सर्व्हिस आहे म्हटलं."

"सर्व्हिस!" ती म्हणाली. "सर्व्हिससाठी कोण तान्ह्या पोराला थंड पाण्याने धुतं? तुम्हाला कोणी असं सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत? तुम्ही तर खरं सांगितलेलंही ऐकत नाही."

फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. परत लावला. परत. रविवारी सकाळी साडेदहाला, घरात तीन मोठी माणसं असताना, कोणी फोन उचलत नाही. चौथ्यांदाही तेच.

"जा," ही म्हणाली. "आणि तो पाइप घेऊन जा. नाहीतर तिथे जाऊनही काहीतरी भलतंच सांगाल."

रिक्षावाल्याला म्हटलं, "कोपर, माणकोलीच्या नव्या पुलावरून घे." बाळकुम गेलं, कशेळीचा पूल गेला, पुढे ट्रकांच्या रांगेत अडकलो. एरवी त्या पुलावरून जाताना मी रिक्षावाल्याला सांगत बसतो, पूर्वी इथून होडीने कसे जायचे वगैरे. त्या दिवशी त्यानेच विचारलं, "हॉस्पिटलला जायचंय का काका?" मी विचारलं, "असं का वाटलं तुला?" तो म्हणाला, "तुमचं तोंड बघून." मी पिशवी आणखी घट्ट धरली.

बिल्डिंगीचा जिना मी दोन महिने सिमेंटच्या गोण्या घेऊन चढलोय, कधी थांबलो नव्हतो. आता पहिल्या मजल्यावर दम लागला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आलो आणि वर बघितलं.

दाराबाहेर चपला होत्या. एक-दोन नाही. पंधरा-वीस जोड, एकावर एक पडलेले, बायकांचे, पुरुषांचे, गावाकडच्या करकरीत वहाणा. दार अर्धं उघडं. आतून उदबत्तीचा वास. पुरुषांचं हळू आवाजात बोलणं. कोणीतरी नाक ओढलं.

रविवारी सकाळी एखाद्याच्या दारात इतक्या चपला का असतात, हे कोणाला सांगायला नको.

मी त्या पायरीवर बसलो. चपलांच्या ढिगात मी म्हातारीची चप्पल शोधायला लागलो. निळी, रबराची, अंगठ्याजवळ सुतळीने शिवलेली, चावी घ्यायला आली तेव्हा मी बघितली होती. दिसेना. मग वाटलं, घरातल्या माणसाची चप्पल बाहेर कशाला असेल? मग वाटलं, घरातलं माणूस घरात असेल तरच ना. आणि बाळाला तर चप्पलच नसते. मांडीवर पिशवी होती, पिशवीत पाइप. मी ठरवलं की हा पाइप घेऊन सरळ पोलीस चौकीत जायचं. वर जायची हिंमत नव्हती, चौकीत जायची होती.

तेवढ्यात आत घंटा वाजली. मग टाळ्या, आणि बेसूर आरती.

मयताच्या घरात घंटा वाजत नाही. सत्यनारायण होता.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. चेहरा धोतराच्या सोग्याने पुसला. घाम होता की काय होतं, माहीत नाही.

आत पाऊल टाकलं तर तो मुलगा उपरणं पांघरून चौरंगासमोर उभा, शेजारी त्याची बायको. आरती संपल्या संपल्या तो पुढे आला. "काका! तुमचा फोन येत होता ना? पूजेला बसलेलो. या, या." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, हेच ते काका! हे सगळं घर यांनी हाताने केलंय."

मामा म्हणजे चांगला भारदस्त माणूस, फेटा बांधलेला. त्याने उठून माझे दोन्ही हात धरले. "लय भारी काम केलंय राव तुम्ही. ती फरशीची लाइन बघितली मी. सुतासारखी सरळ! आमच्याकडचा मिस्त्री बघंल तर तोंड लपवंल." कोणीतरी मला खुर्ची दिली. म्हातारीने स्वतः येऊन कपाळाला गंध लावलं. ती होती. समोर उभी होती. पायात काही नव्हतं.

आयुष्यभर मी अशा शब्दांसाठी राबलो असेन, आणि ते ऐकताना माझी नजर मामाच्या खांद्यावरून पलीकडे पॅसेजमध्ये होती. बाथरूमचं दार बंद. बाहेरच्या स्विचवर लाल दिवा चालू. आतून पाण्याचा आवाज आणि बाळाचं रडणं.

"आत कोण आहे?"

"ताई आहे माझी," मुलगा म्हणाला. "बाळाने ऐन आरतीत कपडे खराब केले, त्याला धुतेय."

मी मामाचे हात कधी सोडवले, आठवत नाही. स्विचवर हात मारला. लाल दिवा गेला.

आतून आवाज आला, "ए, गिझर कोणी बंद केला? पोरगं साबणात आहे!"

"नळाला हात लावू नका," मी ओरडलो. कारखान्यात ओरडायचो तसा. "बाळाला उचला आणि बाहेर या. आधी बाहेर या."

ती बाई दार उघडून आली, बाळ कडेवर, अर्धं साबणाने भरलेलं. बाळ माझ्याकडे बघून रडायचं थांबलं. ठीक होतं. हात-पाय हलवत होतं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो आणि मुलगा म्हणाला, "काका, काय झालं?"

तेव्हाही माझ्या मनात आलं, काहीतरी सांगावं. वायर जळाल्याचा वास आला म्हणावं. इतकी माणसं, कपाळाला ओलं गंध. पण पिशवी हातात होती. मी पाइप काढला आणि पूजेच्या घरात सगळ्यांसमोर धरला. वायर कुठे बांधली होती, पाइप कोणी काढायला लावला, वायरमन काय म्हणाला होता आणि मी त्याला काय म्हणालो, सगळं सांगितलं.

पहिली बोलली ती म्हातारी. आपला उजवा हात पुढे धरून त्याच्याकडे बघत होती. "मग भाऊ, माझ्या हाताला झिणझिण्या येत्यात त्या?"

"कधी येतात ताई?"

"सकाळच्या. नळ धरला की हितं कोपरापातूर. म्या म्हनलं वात हाय. ह्यानं डॉक्टरकडं नेलं. पंधरा दिवस गोळ्या खातीय."

सुनेने नणंदेकडून बाळ ओढून घेतलं आणि पदराने पुसायला लागली, साबण निघून गेला तरी पुसतच राहिली.

"आई, नळ धरल्यावर होतं, हे का नाही सांगितलंस?" मुलगा म्हणाला.

"हात दुखतोय म्हनून सांगितलं की. नळ काय करनार हाय, म्हनलं."

मग तो माझ्याकडे वळला. इतका वेळ मी त्याचीच वाट बघत होतो. "परवा फोनवर काय म्हणालात तुम्ही? कंपनीचा माणूस?"

"खोटं बोललो."

"आम्ही एक दिवस बंद ठेवला. पाहुणे आले म्हणून काल परत लावला. तुम्ही खरं सांगितलं असतंत तर लावला असता का?" त्याचा आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," मी म्हटलं. आमच्या हिच्यासमोरही मी कधी हा शब्द काढलेला नाही.

तो पुढे आला. मामाने त्याच्या छातीवर हात ठेवला. "आरं, पूजा हाय घरात. म्हातारं माणूस हाय."

"मामा, ते म्हातारे आहेत म्हणून आपण मरायचं?"

त्याचं बरोबर होतं. मी जायला निघालो तर म्हातारी वाटीत शिरा घेऊन आडवी आली. "प्रसाद घेतल्याबिगर जाऊ नगा." प्रसाद टाकता येत नाही. सगळ्यांच्या नजरेखाली उभ्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छिन्नी-हातोडी घेऊन तिथे हजर होतो. वायरमन आधीच आलेला, खाली मीटरजवळ खड्डा खणत होता. मला बघून म्हणाला, "काका, पायप आणलाव काय? म्युझियमला देऊ." मग फावडं टेकवून पाठ सरळ केली. "आमच्या आजानं जल्मभर मिठागरात मीठ पिकवलं. त्याला काय ठावं, नातू तेच मीठ खड्ड्यात घालेल." तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी उलट काहीतरी बोलेन म्हणून.

फरशी मीच फोडली. चार फरश्या. एकेक घाव घालताना आतून काहीतरी बाहेर येईल असं वाटत होतं. सिमेंटमधून हिरवी वायर निघाली, उंदराच्या शेपटीसारखी, टोक कुठेच न गेलेलं. वायरमनने गिझर क्षणभर चालू करून नळाला टेस्टर टेकवला. दिवा लख्ख पेटला. त्याने लगेच बंद केला. त्यानंतर तोही विनोद करेनासा झाला.

संध्याकाळपर्यंत मीटरपासून नवी वायर आली, गिझरची कॉइल बदलली, करंट उतरला तर आपोआप पडणारा स्विच बसला. चार फरश्या लावल्या. त्या रंगाचा माल आता मिळत नाही, त्या चार पांढऱ्याफेक दिसतात. कोणीही आलं की आधी तिकडेच बघतं.

"झालं," वायरमन म्हणाला. गिझर क्षणभर लावून टेस्टर नळाला टेकवून दाखवला. दिवा पेटला नाही. म्हातारी दारात उभी होती, ती पदर खोचून पुढे सरकली.

"थांबा ताई," मी म्हटलं.

चपला काढल्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो. बाहेर वायरमनने परत स्विच टाकला, लाल दिवा लागला. मी नळाकडे हात नेला आणि मागे घेतला. परत नेला.

"काका, मी धरू?"

"नको."

धरला. थंड लागला. सोडला नाही. नळ फिरवला, पाणी आलं, हळूहळू गरम झालं. काही नाही. तरी मी धरूनच होतो.

"येतंय का काय?" म्हातारीने विचारलं.

"नाही ताई."

"तुमचा हात तर थरथरतोय."

"तो माझा थरथरतोय. नळाचं काही नाही."

मी बाजूला झालो. तिने नळ धरला. जरा वेळ डोळे मिटून उभी राहिली, गाणं ऐकल्यासारखी. मग म्हणाली, "मग भाऊ, आता त्या वाताच्या गोळ्या बंद करू?"

एरवी मी पटकन सांगितलं असतं. गोळ्यांबद्दल, औषधांबद्दल, जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल. म्हटलं, "डॉक्टरांना विचारा ताई. मला नाही कळत."

तिने साबण घेतला आणि सावकाश दोन्ही हात धुवायला लागली. मुलगा पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा होता, माझ्याशी एक शब्द न बोलता. वायरमन सामान भरत होता. तिचे हात धुऊन होईपर्यंत मी बाहेर स्विचवर बोट ठेवून उभा होतो.